खाणपट्ट्यातल्या महाविद्यालयांत जैवतंत्रज्ञानाची पदविका हवी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

बारावीचा निकाल लागला की फोंड्यातल्या आमच्या घरी दोन-तीन तरी पालक मुलांना घेऊन येतात. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कारखान्याच्या सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळेत मी पंचवीसहून अधिक वर्षे काढली आणि निवृत्त झालो, एवढाच माझा अधिकार; तरी 'कंपनीतला माणूस' म्हणून सल्ला विचारला जातो. प्रश्न ठरलेला असतो. बायोटेक घेतले तर नोकरी मिळेल का? यंदा एका मुलीच्या वडिलांनी तो विचारला, तेव्हा मी नेहमीप्रमाणे 'मिळेल, पण…' असे म्हणून थांबलो. ते थांबणे त्यांच्या लक्षात आले आणि माझ्याही. त्या 'पण'च्या पुढचे आपल्या वाचकांसमोर मांडावे म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते लांबले आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

जैवविज्ञानाच्या बाबतीत गोवा दरिद्री आहे असे कुणाला म्हणता येणार नाही. दोनापावला येथे १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. १९८५ साली स्थापन झालेल्या गोवा विद्यापीठात ताळगावच्या पठारावर सागरी जैवतंत्रज्ञानाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम कित्येक वर्षे चालतो आहे. जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने आपल्या खाजनातल्या, म्हणजे बांध घातलेल्या खाऱ्या शेतातल्या, कोरगुट भातातून निवड करून खारे पाणी सोसणारी वाणे शेतकऱ्यांना दिली. वेर्ण्यात देशातल्या नामांकित औषध कंपन्यांचे कारखाने आहेत. निदानाच्या किटच्या धंद्यात तर गोव्याने नावच कमावले आहे. क्षयरोगाच्या निदानासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली मान्य केलेली ट्रूनॅट ही चाचणी गोव्यातल्या मोलबायो कंपनीची, आणि कोविडच्या त्या भयंकर वर्षी देशभरातल्या लहानसहान आरोग्य केंद्रांत तिचीच यंत्रे चालत होती. म्हणजे संशोधन आहे, विद्यापीठ आहे, कारखाने आहेत. यांच्या मधली जी पायरी हवी, ज्या पायरीवर बारावी झालेला मुलगा किंवा मुलगी दोन वर्षांत हाताने काम करणारा तंत्रज्ञ होते, ती पायरी मात्र आपण बांधलेलीच नाही.

कारखान्यात असताना मुलाखती घेण्याचे काम बरीच वर्षे माझ्याकडे होते. त्यातली एक अजून आठवते. उमेदवार जैवतंत्रज्ञानात पहिल्या वर्गात एमएस्सी झालेला होता. डीएनएच्या प्रती वाढवणारे पीसीआर कसे चालते, तापमानाच्या कोणत्या टप्प्यावर डीएनएच्या दोन साखळ्या सुटतात, हे त्याने न अडखळता सांगितले. मग त्याला मी प्रयोगशाळेत नेले, तराजूसमोर बसवले आणि थेंबाथेंबाने द्रव मोजून सोडणाऱ्या मायक्रोपिपेटने १०० मायक्रोलिटर पाणी दहा वेळा सोडून दर वेळचे वजन लिहायला सांगितले. शंभर मायक्रोलिटर पाण्याचे वजन साधारण शंभर मिलिग्रॅम भरते, त्यामुळे हात कसा आहे ते दोन मिनिटांत कळते. त्याचे आकडे ब्याऐंशीपासून एकशे तेरापर्यंत फिरले. त्याहून मोठी चूक पुढे झाली. एक आकडा चुकला, तेव्हा त्याने तो गिरवून वरच दुसरा आकडा काढला. औषध कारखान्यात हे पाप आहे. चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारायची, मूळ आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख आणि कारण लिहायचे; गिरवलेला एक आकडा तपासनिसाच्या नजरेला पडला तर त्या बॅचच्याच नव्हे, त्या माणसाने हाताळलेल्या प्रत्येक बॅचच्या कागदांवर संशय येतो.

मी त्याला विचारले, कॉलेजात पिपेट किती वेळा हातात घेतलेस? आठ जणांच्या गटात एक पिपेट असे, सर करून दाखवत आणि एखादा विद्यार्थी करून बघे, बाकीचे निरीक्षण लिहीत, असे तो म्हणाला. त्याचे जर्नल सुवाच्य असणार यात मला शंका नाही. पाच वर्षांत त्या मुलाला कुणी तराजूसमोर बसवले नव्हते, याचा राग मी त्याच्यावर कसा काढणार? पण जागा मला भरायची होती आणि ती मी परराज्यातून आलेल्या, पदविका घेतलेल्या मुलाला दिली. आपल्याकडे 'बाहेरचे येऊन नोकऱ्या घेतात' अशी ओरड झाली की मला ते दहा आकडे आठवतात.

सूक्ष्मजीवशास्त्राच्या किंवा जैवतंत्रज्ञानाच्या कारखानी प्रयोगशाळेत रोज काय चालते, हे पालकांना आणि दुर्दैवाने बऱ्याच प्राध्यापकांनाही नीट ठाऊक नसते, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. सकाळी पाण्याचे नमुने घ्यायचे, ठरलेल्या नळावरून, ठरलेल्या क्रमाने, नळ ठरलेला वेळ वाहू दिल्यावर. निर्जंतुक खोलीत जाण्यासाठी अंगावर चढवायचा पोशाख कशालाही बाहेरून स्पर्श न करता चढवायचा. हे शिकायला काही जणांना महिना लागतो. खोलीतल्या हवेत किती जंतू आहेत ते पाहण्यासाठी माध्यम भरलेल्या उघड्या प्लेटा जास्तीत जास्त चार तास ठेवायच्या, मग त्या उबवणी यंत्रात ठेवून दिवस मोजायचे. बुरशीसाठी वीस ते पंचवीस अंश, जिवाणूंसाठी तीस ते पस्तीस. इंजेक्शनाच्या निर्जंतुकतेची चाचणी चौदा दिवस चालते आणि त्या चौदा दिवसांत एकदा जरी हात हलला तरी लाखो रुपयांचा माल अडकून पडतो. वाफेने निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हचा आलेख वाचायचा, तराजू आणि पिपेट अचूक मोजतात ना हे पाहण्यासाठी त्यांचे कॅलिब्रेशन करायचे, ठरल्याहून वेगळे काही घडले तर त्याची नोंद म्हणजे डेविएशन लिहायचे. आणि या सगळ्यावर सावलीसारखे लेखन असते. आमच्याकडे नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगत, लिहिले नाही म्हणजे केले नाही. केंद्र सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये औषध उत्पादनाच्या उत्तम पद्धतींचे शेड्यूल एम सुधारून अधिक कडक केले, तेव्हापासून तर लहान कारखान्यांनाही अशी माणसे हवी आहेत. निदान किटच्या कारखान्यात द्रव्याचा एक-एक थेंब हजारो किटांत सारखा पडला पाहिजे. क्षयरोगाच्या चाचणीत तो थेंब कमी पडला तर कुठल्या तरी गावातला रुग्ण 'निगेटिव्ह' म्हणून घरी जातो.

या कामाला एमएस्सी लागत नाही. बुद्धी लागते, शिस्त लागते, स्थिर हात लागतो आणि आपण करतो ते का करतो याची समज लागते. दोन वर्षे नीट शिकवले तर बारावी विज्ञान झालेल्या मुलाला हे येते. हे मी कल्पनेने सांगत नाही. आमच्या खात्यातली सर्वांत भरवशाची बाई बारावीनंतर वैद्यकीय प्रयोगशाळेची पदविका घेऊन आली होती आणि नवे एमएस्सी तिच्याकडूनच काम शिकत.

आपल्या महाविद्यालयांतली बीएस्सी मात्र एमएस्सीची छोटी आवृत्ती असते. पहिल्या वर्षी पेशी, दुसऱ्या वर्षी जनुके, तिसऱ्या वर्षी रिकॉम्बिनंट डीएनए, आणि शेवटी सगळ्यांचे डोळे पदव्युत्तर प्रवेशाकडे. एमएस्सी झाली की प्राध्यापकीची पात्रता परीक्षा नेट, पीएचडी, नाही जमले तर सरकारी भरतीच्या जाहिराती. गोवा विद्यापीठाने २०२३-२४ पासून नवे शैक्षणिक धोरण लागू केले, त्यात एका वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची सोय आहे, असे कुणी म्हणेल. सोय आहे हे खरे. पण चार वर्षांच्या अभ्यासक्रमाची पहिली दोन वर्षे म्हणजे पायाभरणीची वर्षे असतात. त्यानंतर बाहेर पडणाऱ्याच्या हातात अर्धवट भिंत येते, घर येत नाही. दोन वर्षांत पुरा होणारा, कामासाठीच आखलेला अभ्यासक्रम ही वेगळी वस्तू आहे.

त्या वस्तूचे नाव जगात कम्युनिटी कॉलेज असे आहे. आपल्याकडे हा शब्द नवा नाही. पुद्दुचेरीत १९९५ साली विद्यापीठाच्या आश्रयाने असे महाविद्यालय निघाले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३-१४ पासून देशभर कम्युनिटी कॉलेजची योजना आणली, डिसेंबर २०१३ मध्ये कौशल्यांच्या पातळ्या ठरवणारा राष्ट्रीय आराखडा अधिसूचित झाला, पाठोपाठ २०१४ मध्ये बी.व्होक. ही व्यवसायकौशल्याची पदवी आली. तरीही समुदाय महाविद्यालय म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर शिवणकाम, सौंदर्य प्रसाधन आणि संगणकाचे तीन महिन्यांचे वर्ग येतात. त्या वर्गांना मी कमी लेखत नाही. पण प्रयोगशाळेचे कौशल्य त्या चौकटीत बसू शकते हे फारसे कुणाच्या मनात आले नाही, कारण आपल्याकडे विज्ञान म्हणजे डोक्याचे काम आणि कौशल्य म्हणजे हाताचे काम अशी जातीसारखी विभागणी पक्की बसलेली आहे.

अमेरिकेत ही विभागणी नव्हती असे नाही, पण त्यांनी ती मोडायला कायदा केला. तिथले पहिले सार्वजनिक दोन वर्षांचे महाविद्यालय इलिनॉय राज्यात जोलिएट येथे १९०१ साली निघाले. घराजवळ, कमी शुल्कात, नोकरी सांभाळून संध्याकाळीही शिकता यावे हा त्या महाविद्यालयांचा स्वभाव पुढे ठरत गेला. १९९२ साली तिथल्या संसदेने प्रगत तंत्रज्ञानातले तंत्रज्ञ घडवण्याची जबाबदारी राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानावर टाकली आणि त्यासाठीचा पैसा मुख्यतः या दोन वर्षांच्या महाविद्यालयांकडे वळवला. त्यातून १९९८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी कॉलेजात बायो-लिंक हे जैवतंत्रज्ञान शिक्षणाचे केंद्र उभे राहिले; २०१९ पासून तसेच राष्ट्रीय केंद्र टेक्सासमधल्या ऑस्टिन कम्युनिटी कॉलेजात आहे. कॅलिफोर्नियात ओशनसाइडचे मिराकोस्टा आणि सोलानो ही दोन कम्युनिटी कॉलेजे जेनेन्टेक या जैविक औषधांच्या कंपनीने चालवलेल्या मोठ्या कारखान्यांच्या परिसरात असून, जैविक औषधनिर्मितीची पदवीसुद्धा तिथे मिळते. कारखाना शेजारी आणि वर्ग शेजारी, ही साधी गोष्ट. आपल्याकडे वेर्णा आणि मडगाव यांमध्ये किती अंतर आहे?

त्यांच्या पद्धतीतल्या दोन गोष्टी मला विशेष महत्त्वाच्या वाटतात. पहिली अशी की अभ्यासक्रम आखताना कंपनीच्या मनुष्यबळ अधिकाऱ्यालाच विचारून ते थांबत नाहीत. जो माणूस रोज पिपेट धरतो त्याला बसवतात आणि तुझा दिवस कसा जातो ते क्रमाने सांग म्हणतात. त्या यादीतून पाठ तयार होतात. दुसरी गोष्ट ऐकून आपल्याकडचे पालक चकित होतील. या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमांत आधीच पदवी, कधी तर पीएचडी झालेली माणसेही येऊन बसतात, कारण विद्यापीठात न मिळालेले हाताचे शिक्षण त्यांना तिथे मिळते. म्हणजे माझ्या मुलाखतीतला तो एमएस्सी मुलगा तिथे असता तर त्याला परत शिकायला एक दार उघडे होते.

पण गोव्याने डोळसपणे पाहावे असे उदाहरण कॅलिफोर्नियाचे नाही, नॉर्थ कॅरोलायनाचे आहे. ते राज्य तंबाखू, कापड आणि फर्निचर या धंद्यांवर जगत होते. हे धंदे खचत गेले तेव्हा हजारो माणसे रिकामी झाली. १९९८ साली तंबाखू कंपन्यांनी राज्यांना भरपाई देण्याचा करार केला. नॉर्थ कॅरोलायनाने आपल्या वाट्यातला अर्धा पैसा गोल्डन लीफ नावाच्या प्रतिष्ठानाकडे ठेवला आणि तंबाखूवर जगणाऱ्या भागांच्या भल्यासाठी तो खर्च करायचे ठरवले. त्या पैशातून जैविक उत्पादनाच्या प्रशिक्षणाची केंद्रे उभी राहिली. राज्यात कम्युनिटी कॉलेजे अठ्ठावन्न. त्यांतल्या अनेकांत बायोवर्क नावाचा छोटा अभ्यासक्रम सुरू झाला, त्याला शालान्त शिक्षण पुरते, आणि त्यातून जंतू वाढवण्याच्या टाकीवर म्हणजे फर्मेंटरवर, गाळणीवर, भरणीच्या यंत्रावर काम करणारे तंत्रज्ञ तयार होतात. गिरणीत यंत्र सांभाळलेला माणूस वेळेवर येतो, वाचन घेतो, नोंद करतो. त्याला जंतू शिकवायचे बाकी असते.

हे वाचताना मला आपला खाणपट्टा दिसतो. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने; मध्ये काही काळ सुरू झाल्या आणि फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ लीज रद्द होऊन मार्चपासून पुन्हा बंद. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे, धारबांदोडा या तालुक्यांतल्या घरांनी ट्रक विकले, कर्जे फेडली, काहींची अजून फिटलेली नाहीत. खाणी पुन्हा सुरू होण्याची वाट पाहण्यात एक पिढी विशीतून तिशीत गेली. याच तालुक्यांत सरकारी महाविद्यालये आहेत, साखळीला आहे, केप्याला आहे. डिचोली आणि कुडचडे परिसरात सरकारी तंत्रनिकेतने आहेत. आणि पैसाही आहे. खनिज कायद्यात २०१५ साली झालेल्या दुरुस्तीनंतर उत्तर आणि दक्षिण गोवा जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठाने झाली. केंद्राच्या खनिज क्षेत्र कल्याण योजनेत हा निधी ज्या अग्रक्रमाच्या गोष्टींवर खर्च करायचा त्यांत शिक्षण आणि कौशल्य विकास यांची नावे स्पष्ट लिहिलेली आहेत. तंबाखूचा पैसा तंबाखूच्या गावात परत गेला, तसा खनिजाचा पैसा खाणीच्या गावात प्रयोगशाळेच्या रूपाने परत यावा, एवढीच माझी मागणी आहे. नवे विद्यापीठ नको, कोनशिला नको. साखळी आणि केपे येथे असलेल्या महाविद्यालयांत, तंत्रनिकेतनांच्या मदतीने, तीस-तीस मुलांची दोन वर्षांची पदविका सुरू करावी.

प्रयोगशाळेला काय लागेल याचा बाऊ करू नये. जनुकक्रम वाचणारे महागडे यंत्र मुळीच लागत नाही. असे यंत्र घेऊन ते वर्षानुवर्षे कापड घालून झाकून ठेवलेले मी एका ठिकाणी पाहिले आहे. लागतात ते प्रत्येक विद्यार्थ्याला एक असे पिपेट, चार-पाच चांगले तराजू, गाळलेल्या हवेचे लॅमिनार कपाट, ऑटोक्लेव्ह, उबवणी यंत्रे, पीएच मीटर, एक लहान काचेचा फर्मेंटर आणि कपडे बदलण्याची नीट आखलेली खोली. पहिल्या सहामाहीत रोज पिपेट आणि तराजू, एवढेच झाले तरी मी समाधानी होईन. किण्वन शिकवण्यासाठी तर गोव्याइतकी उत्तम जागा नाही. आमच्या घरी इडलीसारख्या सान्नांसाठी रेंदेराकडून, म्हणजे माडी काढणाऱ्याकडून, सूर (माडी) आणली जायची, पीठ फुगायचे, आणि ते कशाने फुगते हे आम्हाला कुणी विचारले नाही. फेणीला २००९ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला. काजूच्या बोंडांचा रस म्हणजे नीरो भाटीत (फेणी गाळण्याच्या जागी) आंबतो तो बाहेरून यीस्ट न घालता. मार्च ते मे या काळात विद्यार्थ्यांनी तोच रस घेऊन दर सहा तासांनी साखर, आम्लता आणि यीस्टच्या पेशी मोजाव्यात, आलेख काढावा, दोन भाट्यांच्या रसात फरक का पडतो ते शोधावे. वाळपईचा मुलगा हे जितके चटकन समजेल तितके पुस्तकातला पेनिसिलीनचा फर्मेंटर समजणार नाही, आणि समजले की पेनिसिलीनही समजेल.

शिक्षक कुठून आणायचे, हा खरा अवघड प्रश्न. प्राध्यापक भरतीच्या अटींत नेट किंवा पीएचडी असते, कारखान्यातल्या अनुभवी माणसाकडे ती नसते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' म्हणून उद्योगातल्या अनुभवी व्यक्तींना मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपर्यंत नेमण्याची वाट मोकळी केली. तिचा वापर इथे व्हावा. वेर्णा, पिळर्ण, कुंडई इथल्या कारखान्यांतून दर वर्षी माणसे निवृत्त होतात, त्यांच्या डोक्यात तीस वर्षांचे डेविएशन साठलेले असते आणि ते निवृत्तीनंतर सोसायटीच्या बैठकीत वाया जाते.

भाषेबद्दलही थोडे लिहितो, कारण हे पत्र मराठी दैनिकात छापले जाणार आहे. कारखान्यातली कार्यपद्धती इंग्रजीत लिहिलेली असते आणि नोंदही इंग्रजीतच करावी लागते; ते बदलणार नाही. पण ती कार्यपद्धती समजावून सांगताना मी जन्मभर कोकणी, मराठी आणि हिंदीच वापरली. पेडणे, सत्तरी, डिचोली या भागांतली मुले प्राथमिक शाळेत मराठीतून शिकतात, पाचवीपासून इंग्रजीत जातात आणि विज्ञानाच्या वर्गात मागच्या बाकावर गप्प बसतात. त्यांना विषय समजत नाही असे शिक्षकांना वाटते. पुष्कळदा फक्त वाक्य समजलेले नसते. पदविकेत समजावणे मराठी-कोकणीतून आणि लिहिणे इंग्रजीतून, असे ठरवून केले तर दोन वर्षांत नोंदवहीपुरते नेटके इंग्रजी नक्की येते. नोंदवहीचे इंग्रजी फार थोडे असते, त्याची क्रियापदे मोजून पन्नास भरणार नाहीत.

माझ्या सूचनेत एक खोच आहे, ती लपवू नये. औषधविषयक नियमांनुसार उत्पादनावर आणि तपासणीवर देखरेख करून सही करणाऱ्या माणसाला पदवी आणि काही वर्षांचा अनुभव लागतो. पदविकाधारक काम करील, पण वर चढायच्या वेळी त्याला भिंत लागेल. म्हणून पदविका ही आंधळी गल्ली असता कामा नये. तिचे श्रेयांक विद्यापीठाने पदवीच्या तिसऱ्या वर्षासाठी धरावेत, आणि ते तिसरे वर्ष नोकरी करणाऱ्याला संध्याकाळी किंवा शनिवार-रविवारी पुरे करता यावे. श्रेयांक साठवण्याची राष्ट्रीय पेढी २०२१ पासून अस्तित्वात आहे; अडचण नियमाची नसून विद्यापीठाच्या अभ्यास मंडळांच्या मनाची आहे. त्या मंडळांवर एखादा कारखान्यातला माणूस असतो, तो बैठकीला येतो, चहा घेतो, अभ्यासक्रम आधीच छापून झालेला असतो. मीही तसा चहा घेतलेला आहे.

दुसऱ्या वर्षातले शेवटचे सहा महिने कारखान्यात, विद्यावेतनासह काढावेत. अॅप्रेंटिसशिपचा कायदा १९६१ पासून आहे, राज्याची स्वतःची योजनाही आहे. पण उमेदवाराला झाडलोट आणि कागद लावण्याचे काम देऊन सहा महिने घालवणाऱ्या कंपन्या मी पाहिल्या आहेत. त्यासाठी प्रत्येक उमेदवाराच्या वहीत त्याने स्वतः केलेल्या चाचण्यांची यादी, तारखा आणि वरिष्ठाची सही असावी आणि ती वही महाविद्यालयाने तपासावी. कंपन्यांना एवढी शिस्त जड जाऊ नये, त्या आपल्या कामगारांकडून याहून जास्त मागतात. बसचा प्रश्नही लहान नाही: वाळपईहून वेर्ण्याला सकाळच्या पाळीला पोहोचायचे तर पहाटे घर सोडावे लागते, मुलींच्या पालकांना रात्रपाळी नको असते. कंपन्यांच्या बसगाड्या फोंड्यापर्यंत येतात, त्या उमेदवारांनाही घ्याव्यात.

पालकांचा आक्षेप मला ठाऊक आहे. विज्ञान घेऊन डिप्लोमाच करायचा तर शिकवले कशाला? पण बारावीनंतर डीएमएलटी ही वैद्यकीय प्रयोगशाळेची पदविका केलेला मुलगा रक्त तपासतो तेव्हा कुणी नाक मुरडत नाही, परिचारिकेच्या पदविकेलाही घरात मान आहे. जैवतंत्रज्ञानाची पदविका घेतलेल्या पहिल्या तीस मुलांना वेर्ण्यात नोकरी लागली की पुढच्या वर्षी साखळीच्या महाविद्यालयासमोर याच पालकांची रांग लागेल. बायोटेक म्हणजे पांढरा कोट घालून कर्करोगावर औषध शोधणे, हे चित्र मुलांना दाखवणाऱ्या खाजगी क्लासांबद्दल मी इथे लिहीत नाही. ते वेगळे पत्र होईल.

ज्या मुलीच्या वडिलांमुळे हे पत्र लिहायला घेतले, तिने शेवटी बीएस्सी बायोटेकला प्रवेश घेतला आहे. दुसरे काही सुचवायला माझ्याकडे नव्हते. दर शनिवारी दुपारी ती घरी येते. मी जुन्या सहकाऱ्याकडून एक तराजू आणि दोन वापरलेल्या पिपेट मागून आणल्या आहेत. गेल्या आठवड्यात तिचे दहा आकडे शहाण्णव ते एकशे चार यांच्या आत आले. उच्च शिक्षण संचालनालयाने किंवा जिल्हा खनिज प्रतिष्ठानाने या सूचनेचा विचार करायचे ठरवले, तर अभ्यासक्रमाचा कच्चा आराखडा लिहून द्यायला मी आणि माझे दोन निवृत्त सहकारी तयार आहोत. प्रवेशाच्या पुढच्या हंगामाआधी तो देता येईल.

आपला नम्र,
एक निवृत्त गुणवत्ता नियंत्रण कर्मचारी
फोंडा, गोवा